उखळातल्या कविता

भगवानराव मास्तर कवी आहेत हे पालममध्ये घराबाहेर दोघांनाच ठाऊक होतं, मला आणि पोस्टमनला. साभार परत आलेली पाकिटं पोस्टमन आणून देई. मी त्यांच्याच शाळेत शिकवायचो, त्यामुळे शाळा सुटल्यावर कविता ऐकणं माझ्या नशिबी होतं.

बारा वर्षं खपून मास्तरांनी एका जुन्या दखनी शायराच्या कविता मराठीत आणल्या. अखेर औरंगाबादच्या एका प्रकाशकानं बाड मागितलं. मास्तरांनी सगळं सुवाच्य लिहून काढलं, तोच नामांतराची दंगल पेटली, एसटी बंद झाली आणि बाड घरीच पेटीत राहिलं.

गाड्या सुरू झाल्या त्या दिवशी मी बाड न्यायला गेलो. अंगणात मास्तरांच्या पत्नी कस्तुराबाई उखळात कागद कुटत होत्या. दरवर्षी शाळेतली रद्दी मेथ्यांसोबत भिजवून, कुटून त्या टोपल्या लिंपायच्या. यंदा रद्दी नव्हती, म्हणून चार दिवसांपूर्वी मास्तरच म्हणाले होते, "पेटीतले जुने कागद घे."

उखळाच्या कडेला चिकटलेला एक कपटा मास्तरांनी उचलला. अक्षर त्यांचंच होतं, बाडातलं. ते मटकन खाली बसले.

"अगं, जुने म्हणजे कच्चे कागद म्हणलो होतो. उर्दूतले."

"उर्दूत देवाचं नाव असंल. उखळात कसं कुटू?" कस्तुराबाई म्हणाल्या. "म्हणून मराठी घेतले. शाळेचे वाटले."

"मंग उर्दूतले कुठं हायत?"

"पेटीतच हायत की."

मास्तर धावले आणि गठ्ठा छातीशी धरून आले. डोळे पुसत हसत होते. निजामाच्या काळात उर्दू शाळेत शिकलेला माणूस, हात त्याच लिपीत भरभर चाले. म्हणून मराठी कवितांचे कच्चे खर्डेसुद्धा ते उर्दू अक्षरांत लिहायचे. माझ्या जिवात जीव आला. बारा वर्षं शाबूत होती, फक्त उतरवून घ्यायची होती.

लगेच बसलो. मास्तर वाचू लागले, मी लिहू लागलो. शेजारी कस्तुराबाई टोपली लिंपत होत्या. तिसऱ्या कवितेला त्यांचा हात थांबला.

"ही तर मराठी हाय."

"हो."

"समद्याच?"

"समद्याच."

"मंग बारा वर्षं मला का न्हाई वाचून दाखवल्या? मला वाटायचं, तुमी उर्दूत लिवायलाव. मला काय कळणार."

मास्तर हातातली पानं सारखी करू लागले. मला लाज वाटली, रोज कंटाळत ऐकणारा मीच होतो.

कस्तुराबाईंनी हात धुतले, पदराला पुसले आणि मास्तरांसमोर येऊन बसल्या.

"पहिल्यापासून वाचा," त्या म्हणाल्या.