तिसरा कौल

मी समुद्राची देवी माझू, तिच्या देवळातला एक जुना कौल आहे. खरे तर जोडीतला अर्धा. एका सुताराने बांबूच्या एकाच मुळातून आम्हा दोघांना कोरले, चंद्रकोरीचा आकार दिला, एक बाजू सपाट ठेवली, दुसरी फुगीर केली आणि वरून लाल रंग चढवला. मित्रांनो, तैवानच्या या किनाऱ्यावर माणसे आम्हाला ओंजळीत धरतात, देवीला प्रश्न विचारतात आणि फरशीवर टाकतात. एक सपाट आणि एक फुगीर पडला तर देवीचा होकार. दोन्ही फुगीर पडले तर नकार. दोन्ही सपाट पडले तर देवी नुसती हसते आहे, नीट विचारा. मोठ्या गोष्टीला लागोपाठ तीन होकार लागतात.

सुरुवातीची वर्षे फार सुखाची गेली. कोळी विचारत, उद्या होडी सोडू का? सुना विचारत, माहेरी जाऊ का? त्यांच्या खारट, ओल्या हातांनी माझा रंग गेला आणि मी गुळगुळीत झालो. त्या हातांचा मला लळा होता.

मग बेसबॉल आला. आमच्या बंदराचा शार्क नावाचा व्यावसायिक संघ होता. एका वसंतात, हंगाम सुरू होण्याआधी, त्याचे प्रशिक्षक सगळे खेळाडू घेऊन देवळात आले. त्यांनी विचारले, "आई, यंदा अजिंक्यपद आमचं का?" आम्ही पडलो. होकार. पुन्हा होकार. तिसऱ्यांदाही होकार. आणि शरद ऋतूत शार्क खरोखर जिंकले!

झाले. आमची छायाचित्रे वर्तमानपत्रात आली. दर वसंतात कॅमेरे येऊ लागले. सगळ्या बेटाला हंगामाचा निकाल आमच्याकडून आधी हवा असे. आम्हाला काचेच्या पेटीत ठेवले, मखमलीवर. कोळ्यांना आणि सुनांना दुसरे, साधे कौल दिले. लोक माझे कौतुक करत होते आणि मला मात्र कुणाचा हात लागत नव्हता.

पुढे आमचे होकार खोटे ठरू लागले. आम्ही लाकूड आहोत, मित्रांनो. आम्ही पडतो, एवढेच आम्हाला येते. पण एका चाहत्याने पेटीच्या काचेवर थाप मारली आणि म्हणाला, "कौल कसले, चुलीत घालायच्या लायकीची ढलपी आहेत ही!" पेटी मग गाभाऱ्यातून हलली आणि तेलाच्या डब्यांशेजारी गेली.

मग एका वर्षी शार्क तळाला गेले. हिवाळ्यात संघाच्या मालक कंपनीने सांगून टाकले, की यंदाही शेवटचे आलात तर संघ बंद. बंदराच्या तोंडचे पाणी पळाले. देवळाच्या अंगणात यू-लियेन नावाची बाई माशाची पेज विकत असे. तिचा मुलगा तींग-फांग हा शार्क संघाचा चेंडू टाकणारा, पिचर. वयाने सगळ्यांत मोठा, पण बंदरात सगळे त्याला लाडाने आ-फांगच म्हणत. हा संघ बुडाला तर त्या वयाच्या पिचरला दुसरे कुणी घेणार नव्हते. तिच्या गाड्यावरच्या टीव्हीवर एक निवृत्त खेळाडू रोज हंगामाचे भाकीत सांगे.

"शार्क ना? तेही पहिले येतील," तो हसून म्हणाला. "शेवटून!"

पेज खाणारे खदखदले. एक जण म्हणाला, "मावशी, तुमच्या आ-फांगचा हात अजून चालतो का? की तोही या माशासारखा गार पडला?"

यू-लियेनने पळी आपटली. "तुझी जीभ चालते ना मेल्या, तोवर त्याचा हात चालेल. गिळ मुकाट्यानं!"

पण लोक उठून गेल्यावर ती रिकाम्या बाकावर बराच वेळ बसून राहिली. तींग-फांग हिवाळाभर आईकडे राहायला होता आणि एक शब्द बोलत नव्हता. पहिला सामना दुसऱ्या दिवसावर आला होता. दुपारी ती पदर खोचावा तशी कंबरेला अंगोछा घट्ट बांधून देवळात आली.

"लो काका, ती जुनी जोडी काढा."

देवळाचे पुजारी लो म्हातारे म्हणाले, "पोरी, ती आता कुणी वापरत नाही."

"तिनंच तेव्हा खरं सांगितलं होतं. काढा म्हणते ना!"

कितीतरी वर्षांनी मला माणसाचा हात लागला. तिने आम्हाला ओंजळीत घट्ट धरले, मित्रांनो.

"आई, यंदा शार्क तगतील ना? माझा आ-फांग त्यांना तगवेल ना?"

आम्ही पडलो. नकार. तिने आम्हाला उचलले. पुन्हा नकार. मग देवी हसली. मग एक होकार आला आणि त्याच्या पाठोपाठ नकार. ती प्रश्न बदलत गेली. अजिंक्यपद नको, शेवटून दुसरे तरी? सगळा हंगाम नको, उद्याचा सामना तरी? तिच्या गुडघ्यांखालची फरशी घामाने ओली झाली.

"पुरे आता," लो म्हातारे म्हणाले. "देवीच्या कानाशी इतकी कटकट करू नये."

"मग तिला सांगा ना एकदाचं हो म्हणायला! तिला काय जातंय?"

तिने पुन्हा टाकले. होकार. पुन्हा टाकले. होकार! आता एकच राहिला होता. तिने खाली हात घातला, पण त्याआधी दुसऱ्या कुणीतरी मला उचलले. दारातून तींग-फांग आत आला होता. त्याने मला डाव्या हातात धरले होते.

"राहू दे, आई."

"दे इकडे! दोन झालेत. एकच हवाय."

"म्हणून तर देत नाही. तिसरा हो आला तर मला उद्या चेंडू टाकावा लागेल. आणि मला टाकता येत नाही."

"देवी हो म्हणतेय आणि तू नाही म्हणतोस? सगळं बंदर तुझ्याकडे डोळे लावून बसलंय रे!"

"माहीत आहे. म्हणूनच तोंड उघडत नव्हतो."

तिने झडप घालून मला हिसकावले, जोडीदारालाही उचलले आणि संतापाच्या भरात आम्हाला टाकले. टाकले कसले, आपटले. मी दगडी उंबऱ्यावर आदळलो आणि टोकापासून मध्यापर्यंत चिरलो. माझा जोडीदार दूर घरंगळत गेला. होकार की नकार, हे कुणी पाहिलेच नाही.

तींग-फांग तिच्यासमोर जमिनीवर बसला. त्याचा उजवा हात कोपरात वाकलेलाच होता, तो सरळ होतच नव्हता.

"तू तिला इतक्यांदा विचारलंस, आई," तो म्हणाला. "मला एकदा विचार ना."

यू-लियेन त्या हाताकडे पाहत राहिली. हिवाळाभर तो जेवायच्या काड्या सोडून चमच्याने जेवत होता आणि ती त्याला चिडवत होती, की म्हातारा झालास का रे. ती अगदी हळू म्हणाली,

"दुखतं का रे?"

"हो, आई." आणि एवढा थोराड माणूस लहान पोरासारखा रडू लागला. "डॉक्टर म्हणाले, आता टाकलास तर हात कायमचा जाईल. तरीही उद्या टाकणार होतो."

"नाही टाकायचा," ती म्हणाली आणि तिने तो वाकडा हात आपल्या मांडीवर घेतला.

मित्रांनो, शेवट गोड झाला असे मी सांगू शकत नाही. तींग-फांग खेळला नाही. शार्क तळालाच राहिले आणि शरद ऋतूत संघ बंद झाला. मैदानाला कुलूप लागले. लोक म्हणाले, यू-लियेनने कौल फोडला म्हणून संघ बुडाला. कितीतरी जणांनी तिची पेज खाणे सोडले. ती समोर आली की काही जण तोंड फिरवीत. पुढे तींग-फांगच्या हातावर शस्त्रक्रिया झाली, पण तो पुन्हा कधी मैदानात उतरला नाही.

मी आता बिस्किटांच्या एका जुन्या डब्यात आहे. माझा जोडीदार कुठे आहे, मला ठाऊक नाही. एकटा कौल हो म्हणू शकत नाही आणि नाहीही म्हणू शकत नाही. डब्याला खालून भोक पडले आहे आणि त्यातून वाळवी आत आली आहे. रोज ती थोडी पुढे सरकते. मी ओरडू शकत नाही.

म्हणून तुम्हाला विनवतो, जुन्या वस्तूंना असे अंधारात टाकू नका. कधीतरी उघडा, पुसा, उन्हात ठेवा. आणि आम्हा लाकडांवर आम्हाला न पेलणारे प्रश्न लादू नका. उद्या कोण जिंकेल, हे आम्हाला कळत नाही. तुमच्या घरात कुणी अबोल झाले असेल, तर त्याच्याजवळ जाऊन बसा आणि त्यालाच विचारा. आजच विचारा. त्याला तोंड आहे. ते उघडायची तो वाट पाहत असेल.