दादासाहेब गप्प आहेत

दादासाहेब वारले आणि त्यांच्या परदेशातल्या फॅक्टरीचं उत्पादन वाढलं. घरात यावर उघडपणे कोणी बोलत नव्हतं, कारण अभिनंदन नेमकं कोणाचं करायचं हा प्रश्न होता.

फॅक्टरी दारांच्या बिजागऱ्यांची. माणूस कुठल्याही देशातला असो, तो दार उघडतो आणि लावतो. तेव्हा या धंद्यात संस्कृतीबिंस्कृती आड येत नाही, असं दादासाहेबांचं ठाम मत होतं. ते मत त्यांनी घरी बसून बनवलं होतं. विमानाला ते फार घाबरायचे. फॅक्टरी त्यांनी फोटो बघून विकत घेतली आणि शेवटपर्यंत फोनवरून चालवली. दर मंगळवारी तिकडे मीटिंग भरायची, टेबलाच्या टोकाला स्पीकरचा फोन असायचा, आणि त्यातून समुद्रापलीकडचे दादासाहेब बोलायचे.

त्यांच्या माघारी कारभार धाकट्या भावाकडे आला. पन्नाशी उलटली तरी घरात ते धाकटेच, आणि ऑफिसात धाकटे साहेब. त्यांनी पहिलाच हुकूम सोडला, प्रेसचा वेग वाढवा. वाढला. धाकटे खूश झाले. मग तिकडच्या दुभाषीबाईंचा निरोप आला की, पत्रा कापायच्या मोठ्या प्रेसला हा वेग सोसत नाही. कामगारानं पायपट्टीवरचा पाय काढला तरी ती कधीकधी आपणहून पुन्हा खाली येते. तेव्हा कामगाराचा हात आतच असतो. धाकट्यांनी ताबडतोब कळवलं, प्रेस बंद करा. फार नम्र उत्तर आलं. प्रेस चालूच राहिली.

"भाऊजी, तुम्ही जाऊनच या," वहिनी म्हणाल्या. "अहो, कुणाचा हात गेला म्हणजे?"

"ऐकतील हो. शेवटी मी मालक आहे, वहिनी."

"मालकीण मीही होते," वहिनी म्हणाल्या. "यांनी माझं कधी ऐकलं?"

विमानतळावर दुभाषीबाई घ्यायला आल्या होत्या. करड्या कोटातल्या, उंच, केस घट्ट बांधलेले. मराठी त्या आधी पुस्तकातून शिकल्या होत्या, पण बोलायला शिकल्या त्या दादासाहेबांच्या फोनवर. त्यामुळे स्वतःबद्दलही 'मी आलो, मी गेलो' असंच म्हणायच्या.

"आलात? बरं झालं," त्या म्हणाल्या. "घोडं कुठं पेंड खातंय ते आता डोळ्यांनी बघा."

धाकट्यांच्या हातातली बॅग खाली टेकली. शब्द दादांचे होतेच, पण 'पेंड'वरचा तो किंचित कंटाळलेला हेलसुद्धा दादांचाच होता. परक्या देशात, परक्या बाईच्या तोंडून आपला मेलेला भाऊ आपल्याला घ्यायला येईल, अशी त्यांनी कल्पना केली नव्हती. गाडीत ते मागच्या सीटवर बसले आणि बाईंना फारसं बोलू दिलं नाही.

फॅक्टरीची इमारत दुमजली. खाली मशीनं, वर ऑफिस. जिना चढतानाच पायांखाली प्रेस जाणवत होती. एक ठोका, मग थोडी उसंत, मग पुढचा ठोका. मधूनच त्या उसंतीत एक न मागितलेला ठोका पडे. तो पडला की वरच्या ऑफिसातले लोक क्षणभर लिहायचे थांबत, खालून काही ओरडणं ऐकू येतंय का बघत, आणि पुन्हा लिहू लागत.

"प्रेसवर कोण आहे?" धाकट्यांनी विचारलं.

"माझा नवरा," बाई म्हणाल्या.

मीटिंगच्या खोलीत लांब टेबल होतं. दोन्ही बाजूंना फोरमन मंडळी बसलेली, मधोमध मॅनेजर, गोल चेहऱ्याचा, अतिशय सभ्य. टेबलाच्या टोकाची खुर्ची रिकामी होती, आणि तिच्यासमोर फोन. धाकटे साहजिकच त्या खुर्चीकडे वळले. कोणी अडवलं नाही. फक्त सगळे एकदम उभे राहिले आणि इतक्या काळजीनं त्यांच्याकडे बघू लागले, की ते न बसताच पुढे सरकले आणि भिंतीशेजारच्या स्टुलावर बसले.

मीटिंग सुरू झाली. मॅनेजरनं पहिला विषय वाचला. गोदामाला नवीन छप्पर. मग सगळ्यांनी माना फोनकडे वळवल्या. खोली गप्प झाली. त्यांचा प्रश्न समुद्र ओलांडून जायला आणि उत्तर परत यायला लागायचा, तेवढा वेळ सगळे तसेच बसून राहिले. खाली एक ठोका पडला.

"दादासाहेब गप्प आहेत," मॅनेजर म्हणाला. छप्पर मंजूर झालं.

धाकट्यांनी बाईंच्या कानाशी तोंड नेलं. "घरी फोन लावलाय का?"

"छे. पलीकडे उचलणार कोण?"

"यांना माहीत आहे ना, दादा गेले ते?"

बाईंनी विचारलं. मॅनेजरला प्रश्नाचं थोडं वाईट वाटलेलं दिसलं. तो बराच वेळ बोलला, छातीवर हात ठेवून.

"म्हणतात, माहीत आहे. सगळे त्या दिवशी रडलो. पण मीटिंग बंद करा असं दादासाहेब म्हणाले नव्हते."

मग हळूहळू उलगडा झाला. दादासाहेबांचे दोन नियम होते. नवीन काही सुरू करायचं असेल तर मला सांगा, मी गप्प बसलो म्हणजे होकार समजा. पण चालू काम थांबवायचं असेल, तर माझ्या तोंडून ऐकल्याशिवाय थांबवायचं नाही. मग सांगणारा कोणीही असो, माझा सख्खा भाऊ असला तरी. हा शेवटचा तुकडा मॅनेजरनं काही लागट हेतूनं सांगितला नव्हता. नियम पूर्ण सांगावा म्हणून सांगितला.

म्हणजे वेग वाढवायचा हुकूम धाकट्यांचा असला, तरी मंजूर मृतानं केला होता. आणि मृत माणूस होकाराच्या बाबतीत फारच उदार असतो.

"अहो, पण ते आता 'थांबवा' म्हणणार कसे?" धाकटे ओरडले. "मी सांगतोय ना! प्रेस बंद करा!"

सगळ्यांनी आदरानं माना हलवल्या. धाकटे तरातरा खाली गेले आणि त्यांनी स्वतःच्या हातानं लाल बटण दाबलं. प्रेस थांबली. बाईंचा नवरा, जाड मिशांचा अबोल माणूस, बाजूला होऊन उभा राहिला. मागून मॅनेजर आला.

"म्हणतात, तुम्ही पाहुणे," बाईंनी सांगितलं, "तुम्ही इथं उभे आहात तोवर बंद ठेवू. तुम्ही गेलात की सुरू करू."

"मी इथं मुक्काम ठोकला तर?"

"म्हणतात, आनंद आहे. खुर्ची आणू का?"

धाकट्यांनी नवऱ्याकडे बघितलं. "बाई, याला सांगा ना! हात त्याचा आहे. त्यानंच काम करू नये."

बाईंचा आवाज पहिल्यांदाच बारीक झाला. "रोज सांगतो मी त्याला. तो म्हणतो, दादासाहेबांनी फोनवरून नोकरी दिली, तेव्हा त्यांना शब्द दिलाय. मेलेल्या माणसाला दिलेला शब्द मोडायला माफी कुणाकडे मागायची?"

धाकट्यांनी बटणावरचा हात काढला. ते जिन्यापर्यंतही पोचले नसतील, तेवढ्यात मागे ठोका पडला. आणि लगेच, उसंत न देता, दुसरा. कोणी ओरडलं नाही. बाई मात्र कठड्याला धरून डोळे मिटून उभ्या होत्या.

सगळे वर येऊन पुन्हा मीटिंगला बसले. त्या खोलीला लागून एक लहान खोली होती. दारावर दादासाहेबांचं नाव. आत टेबल, खुर्ची, खुंटी, रोज पुसलेला फोन. दादा कधीही न आलेली खोली इतकी त्यांची वाटत होती, की धाकट्यांनी आत जाताना सवयीनं दारावर टकटक केली. या दोघा भावांचे आवाज फोनवर सारखे यायचे. दादांचे मित्र धाकट्यांशी अर्धा अर्धा तास बोलून ठेवून द्यायचे, आणि धाकट्यांना त्याचा मनस्वी राग होता. आता त्यांनी फोन उचलला आणि भिंतीपलीकडच्या खोलीतला नंबर फिरवला.

पलीकडे घंटी वाजली. भिंत पातळ होती. कोणी दचकलेलं ऐकू आलं नाही, कुणाची खुर्चीही सरकली नाही. बरेच दिवस वाट बघत असलेल्या माणसांसारखे ते होते तसेच बसले असावेत. मग मॅनेजरनं बटण दाबलं.

"थांबवा," धाकटे म्हणाले. "मोठी प्रेस. दुरुस्त होईपर्यंत थांबवा."

आवाज बेमालूम दादांचा आला. बाईंनी त्या शब्दाचं भाषांतर केलं. कोणीतरी जिन्यावरून धावत गेलं. प्रेस थांबली, आणि पायांखालची फरशी इतकी निश्चल झाली की धाकट्यांना क्षणभर तोल गेल्यासारखं वाटलं.

आता फोन ठेवायला हवा होता. पण पलीकडे मॅनेजर बोलू लागला होता, आणि त्याच्यामागून बाई.

"दादासाहेब, एक विचारायचं होतं. तुमचे धाकटे भाऊ आलेत. माणूस चांगला आहे. पुढचं सगळं त्यांचं ऐकू का?"

धाकट्यांनी रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला. ज्यासाठी आयुष्य गेलं ते वाक्य आता त्यांच्याच तोंडात होतं, आणि ते अडवणारा कोणी उरला नव्हता. 'होय, यापुढे त्याचंच ऐका.' एवढंच म्हणायचं. गप्प बसले असते तरी चाललं असतं; गप्प म्हणजे होकार. त्यांनी श्वास घेतला.

"नको," फोनमध्ये आवाज गेला. "त्याला अजून कळत नाही. जेवायला घाला आणि परत पाठवा."

बाईंनी भाषांतर केलं, आणि पलीकडे सगळे हसले. मायेनं, मोकळं, घरचं माणूस गावाहून परत आल्यावर हसतात तसं. धाकट्यांनी रिसीव्हर खाली ठेवला आणि हात मागे घेतला.

दार उघडून बाई आत आल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. त्यांनी फोनकडे बघितलं, मग धाकट्यांकडे.

"'थांबवा' तुम्ही म्हणालात, ते कळलं मला," त्या हळू म्हणाल्या. "पण शेवटचं का म्हणालात?"

"मी नाही म्हणालो," धाकटे म्हणाले.

बाईंच्या मागून त्यांचा नवरा आत आला होता, हात पुसत. त्यानं धाकट्यांचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. दहाही बोटं गरम होती. तो काहीतरी बोलला, आणि बाईंनी जरा थांबून भाषांतर केलं.

"म्हणतो, तुमच्या भावाचे आभार मानतो. तुम्ही त्यांना सांगाल ना?"

धाकट्यांनी मान हलवली.

"सांगतो," ते म्हणाले.