टेबलावर राहिलेला चहा

चौथ्या मजल्यावरून बोलतोय मी, दोन खोल्यांचा एक लहानसा फ्लॅट. इमारतीला लिफ्ट नाही, तेव्हा आधी दम खा, मग ऐका.

माझा जन्म घाईतला. गवंड्यांना पुढच्या कामावर पळायचं होतं, म्हणून स्वयंपाकघराचा एक कोपरा तिरका राहून गेला. तिथे कुठलंच कपाट धड बसेना. मग शिवणबाई इथे नवी नवरी होऊन आली आणि तिने त्या कोपऱ्यात आपलं शिलाई मशीन ठेवलं. अख्ख्या गल्लीचे पडदे माझ्या पोटात शिवले गेले. तिचा संसार मी पाहिला, तिचं वैधव्यही पाहिलं. मूलबाळ नव्हतं. पुढे गुडघ्यांनी असहकार पुकारला, आणि तिने बहिणीच्या तळमजल्यावरच्या घरी राहायला जायचं ठरवलं. मला विकायला काढलं.

गिऱ्हाइकं येऊ लागली. नळ सोडून बघायची, भिंतींवर टिचक्या मारायची, कुठे ओल आहे का ते अगदी हुंगून बघायची. शिवणबाई तिथेच उभी असे, पण तिच्याकडे कुणाचं लक्ष नसे. तिची मात्र एक रीत होती. येईल त्याला ती स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसवून चहा द्यायची. दलालाला सांगायची, "माझ्या टेबलाशी जो घटकाभर टेकत नाही, तो या घरात काय टेकणार?"

एके दिवशी परदेशातलं एक जोडपं आलं. नवरा इथल्या बस दुरुस्तीच्या कारखान्यात फिटर. बायको घर सांभाळणारी, ओठांवर सतत देवाचं नाव. तिच्या बोलण्यात सारखी सासूच यायची, म्हणून मी तिला सूनबाई म्हणू लागलो.

"अहो, आईंची खाट या खिडकीशी. ऊन कसं छान येतं बघा."

"आधी घर तर मिळू दे."

"पण जिना जमेल का त्यांना?"

"मी आणीन पाठीवर."

"तुमची पाठ! परवा सिलिंडर हलवलात तर आठवडाभर मीच शेकत बसले होते."

हसत होती दोघं, पण काळजी खरी होती. म्हातारी तिकडे मायदेशात एकटी, डोळ्यांनी जवळजवळ आंधळी झालेली. आणि इथला नियम असा, की परक्या माणसाचं स्वतःचं घर असेल तरच त्याला आईबापाला बोलावून घेता येतं. शिवाय परक्याला घर विकायचं तर इमारतीतल्या सगळ्यांची संमती हवी. खालच्या मजल्यावरच्या मास्तरांनी सगळ्यांना विचारलं. उत्तर एकच आलं, शिवणबाई हो म्हणाली की आमचंही हो.

त्या पहिल्याच भेटीत सूनबाई क्षणभर खिडकीशी एकटी उभी राहिली. हात जोडून पुटपुटली, "देवा, हे घर आम्हाला लाभू दे. आईंच्या आधी या घरात मी पाण्याचा थेंबही तोंडात घेणार नाही." मी ऐकलं. आणखी कुणी नाही. नवस बोलून दाखवला की फळत नाही, अशी तिची समजूत, म्हणून नवऱ्यालाही तिने कळू दिलं नाही.

मग शिवणबाईने चहा पुढे केला. नवरा आवडीने प्याला. सूनबाईने कप हातात घेतला, कपाळाला लावल्यासारखं केलं आणि तसाच खाली ठेवला. "नको, आत्ताच झालाय."

पुढच्या भेटीतही तेच. त्याच्या पुढच्या भेटीत शिवणबाईने नुसतं पाणी दिलं, तर तेही तसंच राहिलं. ती दोघं जिना उतरून गेल्यावर शिवणबाई मोरीत ते पाणी ओतत बराच वेळ उभी होती. पेला रिकामा झाला तरी नळ चालूच.

दोन दिवसांनी दलालाने जोडप्याला माझ्या दाराबाहेरच गाठलं. "बाई नाही म्हणतात."

"का हो? काय चुकलं आमचं?"

दलाल मान खाजवत म्हणाला, "तुमच्या बायकोला म्हणे बाईंच्या हातचं चालत नाही."

फिटरने बायकोकडे पाहिलं. "अगं, काय हे? बोल ना काहीतरी." तिचा चेहरा पांढराफटक पडला. ती तशीच जिना उतरली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती एकटीच आली. शिवणबाईने दार उघडलं, पण बाजूला सरकली नाही. "आता काय राहिलंय बघायचं?"

"चहा आहे का?" सूनबाईने इथल्या भाषेत, अडखळत विचारलं.

शिवणबाईने तिला आत घेतलं. चहा ठेवला. सूनबाई टेबलाशी बसली, डोळे मिटले, आणि कप तोंडाला लावला. ती पीत होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"एवढा वाईट झालाय?" शिवणबाई म्हणाली.

मग सूनबाईने सगळं सांगितलं. शब्द कमी पडले तिथे हातांनी सांगितलं. शिवणबाईने कपाळावर हात मारला. "अगं वेडे, हे आधी सांगायचं नाहीस का?"

"सांगितलं की फळत नाही."

"आणि न सांगता कुठे फळत होतं?" मग आवाज खाली आणून शिवणबाईने विचारलं, "घर मिळावं म्हणून मोडलास नवस?"

"घर द्या, नका देऊ. तुम्ही कप ओतून दिले असतील ना? मला रात्रभर तेच दिसत होतं. माझ्या नवसाने कुणाचं मन दुखावलं, तर देव तरी तो कशाला घेईल?"

शिवणबाई उठली आणि तिने स्वतःसाठीही चहा गाळून घेतला. त्याच दुपारी ती भिंतीला धरून धरून मास्तरांकडे उतरली, आणि इमारतीची संमती झाली.

घर मिळालं, पण सूनबाईच्या जिवाला स्वस्थता नव्हती. मोडलेल्या नवसाचा फटका सासूला तर बसणार नाही ना, या धास्तीने ती रोज खिडकीजवळची रिकामी खाट झटकून ठेवायची. मध्यंतरी तिकडून सासू तापाने पडल्याचा निरोप आला. त्या दिवसांत माझ्या भिंतींना नामजपाशिवाय दुसरा आवाज माहीत नव्हता.

अखेर म्हातारी आली. मास्तरांनी आणि फिटरने तिला खुर्चीत बसवून वर आणलं. खाटेवर टेकताच तिने माझ्या भिंतीवरून हात फिरवला. सून पाण्याचा पेला घेऊन पायांशी बसली आणि एका दमात सगळं कबूल करून मोकळी झाली.

म्हातारीने चाचपडत सुनेचा चेहरा शोधला. "बाई गं, कोरड्या घरात आणणार होतीस होय मला?"

आता म्हातारी दिवसभर उन्हात बसते. तिच्यापाशी फार दिवस नाहीत, हे डॉक्टरांनी सांगितलंय, आणि तिलाही ते कळतं. पण माझ्या दोन्ही खोल्यांत सध्या माणसांचा वास आहे.

तुम्ही कधी घर बघायला गेलात, तर एवढं माझं ऐका. नळ बघा, भिंती बघा, हवी तर ओलही हुंगून बघा. पण तिथून निघायच्या तयारीत असलेलं जे माणूस दाराशी उभं असतं, त्याच्याजवळ घटकाभर बसा. ते देईल ते घ्या.