विचार केला की ठिपके बसतात

ताईच्या बोटांखालचे ठिपके सकाळपासून सहाव्यांदा खाली बसले, आणि अकराला तर चाचणी होती.

ताईला दिसत नाही. लॅपटॉपवरचा मजकूर तिच्या ब्रेल-पट्टीवर ठिपक्यांनी उमटतो आणि तो ती बोटांनी वाचते. ब्रेल छापखान्यात मुद्रितशोधकाची जागा निघाली होती. चाचणी घरूनच द्यायची होती, पण मध्येच पट्टी गेली असती तर जागाही गेली असती.

भावजयीने अर्ध्या दिवसाची रजा काढली होती. प्रयोगशाळेतली उपकरणं लिनक्स या संगणकप्रणालीला जोडून देणं हेच तिचं काम, आणि ताईच्या लॅपटॉपवरही लिनक्सच होतं. म्हणून घरच्यांच्या मते हा तिच्या हातचा मळ. तिने केबल बदलली. केबल खोचायचा पोर्ट बदलला. पण रडगाणं तेच.

"तुझी पदवी भिंतीवरून काढून ठेवू का?" ताईने विचारलं.

"अकरापर्यंत राहू द्या, ताई. तुम्ही वाचा."

ताई वाचू लागली. भावजय लिनक्सची नोंदवही उघडून बसली. यंत्र जोडलं, सुटलं, सगळं त्यात वेळेसकट उमटतं. पहिलं पान सरळ पार पडलं. दुसऱ्या पानावर ताई एका शब्दाशी अडली, थांबली, आणि ठिपके बसले.

"बघ. मी डोकं चालवायला लागले की ही डोळे मिटते. तुझ्या नवऱ्यावर गेलीय."

भावजय हसता हसता थबकली.

"ताई, पुन्हा थांबा बरं. बोटं ठेवा, पण पुढची ओळ आणायचं बटण दाबू नका."

काही सेकंदांत पट्टी सुटली. पुन्हा केलं, पुन्हा सुटली.

वीज वाचवायची म्हणून लिनक्स रिकाम्या यंत्राला झोपवत होतं, आणि ही पट्टी झोपेतून धड उठत नव्हती. ताई विचार करत होती, तेवढा वेळ लॅपटॉपच्या लेखी कुणी काहीच करत नव्हतं. भावजयीने एका ओळीचा नियम लिहिला: या पट्टीला झोपवायचं नाही. लॅपटॉप बंद करून पुन्हा सुरू केला. नियम टिकला.

"आता हवा तेवढा विचार करा."

अकराला चाचणी सुरू झाली. तिसऱ्या परिच्छेदात ताईची बोटं एका शब्दावर थांबली ती थांबलीच. भावजयीची नजर नोंदवहीवर होती. नवी नोंद आली नाही. मग ताई एक ओळ मागे गेली, पुन्हा पुढे आली.

"इथे अख्खं वाक्य गाळलंय त्यांनी," ती हळूच म्हणाली. "सापडलं. आणि तू आता बाहेर जा बाई, तुझे श्वास मोजत बसलेय मी."