माझ्याखाली हवालदार नाही

मी कडाप्पाचा दगड बोलतोय. देवबागेच्या बाजूला, समुद्राला लागून असलेल्या ख्रिस्ती दफनभूमीत मी उभा आहे. माझ्या अंगावर खुरीस, म्हणजे क्रूस, कोरलेला आहे, त्याखाली नाव आहे हवालदार पेद्रू फर्नांडिस, आणि नावाखाली त्याचा लष्करी नंबर. माझ्याखाली मात्र हवालदार नाही. गेली चार वर्षं मला हे कुणाला तरी सांगायचं होतं, पण दगडाचं ऐकतो कोण?

मी जन्मलो खाणीत, पण मला माणसांत आणलं कुडाळच्या एका कारागिराने. तो छिन्नी चालवत होता तेव्हा पेद्रूची बायको फ्रान्सिस्का समोर स्टुलावर बसून होती. "नाव आनी तारीख पुरे गो बाये, नंबर कशाक?" त्याने विचारलं. "सतरा वर्सां पलटणीत होतो तो," ती म्हणाली. "थंय तेका नंबरानच वळखीत. घाल तो." त्याने घातला, आणि माझ्यात थोडी ऐट आली ती आलीच.

दरवर्षी दोन नोव्हेंबरला, मेलेल्यांच्या दिवशी, सगळी थडगी चुना लावून उजळतात. सगळ्यांना मेणबत्त्या आणि झेंडूचे हार मिळायचे. मला त्यावर सलामही मिळायचा. पेद्रूच्या पलटणीतला सुभेदार सुदेश परब आतल्या गावातून एसटीने यायचा, टोपी नीट करायचा, सावधान उभा राहायचा. खाली पेद्रू शांत असायचा, ड्युटी संपवून झोपलेल्या माणसासारखा.

मग चार वर्षांपूर्वी वादळ आलं. समुद्र कुंपण मोडून आत शिरला आणि त्याने आम्हा दगडांना पत्त्यांसारखं पिसलं. आठ दिवस मी वाळूत पालथा पडून होतो. गावकऱ्यांनी मला उचललं तेव्हा कुणीतरी म्हणालं, "पेद्रू माडाच्या मुळात होतो." ते खरंच होतं. पण तो माड वादळात गेला होता, आणि उरला होता तो दुसरा. त्यांनी मला त्याच्याशी नेऊन रोवलं, माझ्या मूळ जागेपासून अठरा पावलं आत.

इथे माझ्याखाली एक बिननावाचा माणूस आहे. फार वर्षांपूर्वी समुद्रातून वाहत आला होता, गळ्यात खुरीस होता म्हणून पाद्रींनी इथे पुरला. त्याच्यासाठी कुणी कधी मेणबत्ती लावली नव्हती. आता एकदम प्रार्थना, हार, सलाम. तो जागा झाला. लोकांनी गुडघे टेकले की खालची वाळू माझ्या पायाशी फुगून येते. सुदेश सावधान झाला की खाली कुणीतरी अंग ताणून सरळ होतं. मेणबत्त्यांच्या ज्योती वारा नसताना खाली वाकतात.

आणि भरती आली की समुद्राकडच्या उघड्या वाळूतून पेद्रूचा आवाज येतो. हजेरी घेतल्यासारखा तो आपला नंबर सांगत राहतो. ओ कुणीच देत नाही. मीसुद्धा गप्प राहिलो, कारण खोटं कशाला सांगू, सलाम मला आवडत होता.

गेल्या वर्षी फ्रान्सिस्का आजारी पडली. आमच्याकडे जागा कमी, नवऱ्याचं थडगं उघडून त्यातच बायकोला ठेवतात. तिला तेवढंच हवं होतं. एका दुपारी मुलगी डेलिशा तिला खुर्चीत बसवून घेऊन आली. सोबत सुदेश होता.

"सुदेश, तो सपनात येता," फ्रान्सिस्का म्हणाली. "म्हणता, माझ्या आंगार पाणी येता. हंय तर पाणी पोचणा नाय. माका खात्री करून दी. तुमी देवळात कौल लावतास तसो लाव."

"वैनी, खुरसार कौल?"

"पाद्रीक सांगू नको म्हणजे झाला."

सुदेशने तगरीच्या दोन कळ्या पाण्यात बुडवून माझ्या छातीवर चिकटवल्या, एक उजवीकडे, एक डावीकडे. हात जोडून त्याने गाऱ्हाणं घातलं. "बा पेद्रू म्हाराजा, तुझी बायल तुझ्या कुशीत येवक बघता. तू हंय आसलंस तर उजवी दी. नसलंस तर डावी दी."

"होय म्हाराजा," डेलिशा पुटपुटली.

आयुष्यात पहिल्यांदा मला बोलायची संधी मिळाली होती. डावी कळी सोडायची, एवढंच काम. मी सगळा जीव डाव्या अंगात आणला. कळी सुटू लागली. तेवढ्यात पायातून गारवा चढत वर आला, ओल्या बोटांसारखा, आणि त्याने ती कळी दाबून धरली. उजवी पडली.

"आसा गो, हंयच आसा," सुदेश म्हणाला. फ्रान्सिस्का रडली, माझ्यावर हात फिरवत राहिली. मला त्या हाताची लाज वाटली.

पावसाआधी ती गेली. तिला माझ्याखाली ठेवलं, त्या बिननावाच्या माणसाशेजारी.

पहिल्याच तिन्हीसांजेला खालून तिचा आवाज आला, "पेद्रू, तूच मां?" तो "होय" म्हणाला. तो आवाज पेद्रूचा नव्हे, हे तिने ओळखलं.

त्या दिवसापासून माझ्या पायाशी वाळू खचते आहे. गोल खड्डा नाही, एक सरळ रेघ, समुद्राच्या दिशेने, रोज बोटभर पुढे. लोक म्हणतात खेकडे असतील. समुद्रही पलीकडून रोज थोडा आत येतो आहे. पेद्रू आहे त्या उघड्या वाळूपर्यंत आधी कोण पोचेल, ती की समुद्र, मला माहीत नाही.

तुम्ही इकडे आलात तर माझ्यापुढे थांबू नका. अठरा पावलं समुद्राकडे चाला आणि तिथे एक मेणबत्ती लावा. तिला दिशा दिसू दे.