ओर्नेल्लाबाईंचं मरण

ओर्नेल्लाबाई इटलीतल्या पार्मा शहरच्या एका न्हाव्याची मुलगी. एकोणिसाव्या वर्षी ऑपेरात शिरल्या आणि तीस वर्षं सोप्रानो म्हणून, म्हणजे बायकी आवाजांतल्या सर्वांत चढ्या पट्टीत, गात राहिल्या. ऑपेरातली नायिका शेवटी बहुधा मरतेच. त्यामुळे क्षय, विष, सुरा, सगळं भोगून झालेलं. नवऱ्याला कतारमध्ये रास लफानच्या गॅस प्रकल्पात नोकरी लागली, तशा त्या दोह्याला आल्या, ओल्ड एअरपोर्ट नावाच्या वस्तीत मधुराच्या शेजारी राहू लागल्या आणि गाणं खलास झालं.

मधुरा एका कंत्राटदाराकडे सेफ्टी ऑफिसर. अपघाताच्या ड्रिलसाठी तिला खोटे जखमी हवे होते. कंपनीतली माणसं जखमी होऊन मोबाइल बघत पडायची. म्हणून तिनं बाईंना विचारलं.

"मरायचंय ना? ते मला येतं," बाई म्हणाल्या.

सकाळी गोदामात चौदा जण पडले. बाई अशा विव्हळल्या की पत्रे थरथरले. प्रथमोपचार पथकातले पोपटराव, मूळचे बार्शीचे वेल्डर, धावत आले, बाईंच्या मनगटाला हिरवी चिठ्ठी, म्हणजे थांबू शकणारा, बांधली आणि पुढे गेले. बाईंना उचललं सगळ्यांत शेवटी.

"माझा आवाज पोचला नाही?" त्यांनी विचारलं.

"पोचला म्हणूनच," मधुरा ओशाळली. "ओरडणाऱ्याचा श्वास चालू असतो. आधी गप्प पडलेल्यांना बघतात."

दुसऱ्या फेरीला बाई गप्प पडल्या. पोपटरावांनी त्यांची हनुवटी उचलली, नाकाशी कान नेला, छातीकडे पाहिलं. काहीच हालेना. तीस वर्षांचा कमावलेला दम बाईंनी रोखून धरला होता. पोपटरावांनी नियमाप्रमाणे काळी चिठ्ठी बांधली, म्हणजे मेलेला, उचलायचा नाही. मग पुन्हा नाकाशी कान नेला आणि ओरडले,

"म्याडम, पळा! बाई खरंच गेल्या वाटतं!"

मधुरा धावली. बाईंनी एक डोळा उघडला. "मिलानच्या एका समीक्षकानं लिहिलं होतं, हिला गाता येतं, मरता येत नाही," त्या म्हणाल्या. "या ड्रिलच्या रिपोर्टात मी मेले असं लिहाल ना, त्याची मला झेरॉक्स हवी."

झेरॉक्स मिलानला गेली. महिन्यानं समीक्षकाच्या बायकोचं पत्र आलं: ते गेल्या वर्षीच वारले.

बाई दोन दिवस सुतक असल्यासारख्या घरात बसल्या. तिसऱ्या दिवशी मधुराची बेल वाजवून त्यांनी विचारलं, "पुढचं ड्रिल कधी?"