भट्टीवरचे भोपळे

बाबा दवाखान्यातून घरी आले तेव्हा परसात गुडघाभर गवत माजलं होतं. दीड महिना तिकडे कुणी फिरकलंच नव्हतं. चाळीस वर्षं गवंडीकाम केलेला माणूस, स्वतःच्याच हाताने बांधलेल्या भिंतीला टेकून उभा राहिला. डावा हात वॉकरवर, उजवा नुसता लोंबकळत. बराच वेळ त्या गवताकडे बघून ते म्हणाले, "भोपळे राहिले."

अर्धांगाच्या झटक्यानंतर त्यांची वाक्यं आखूड झाली होती. तीन शब्दांच्या पुढे गेलं की जीभ अडखळायची, म्हणून ते दोनांतच भागवायचे.

थोरली शेजारी उभी होती. धाकटी लग्न होऊन दुसऱ्या शहरात गेली त्याला वीस वर्षं झाली, आई जाऊन सहा, तरी घरात आणि गल्लीत तिचं नाव थोरलीच राहिलं होतं. वय सेहेचाळीस, त्यातली तेरा वर्षं बेकरीत भट्टीपुढे गेलेली. बाबांच्या लाल भोपळ्यांवर ती वाढली होती, पण तिने स्वतः एक बी कधी मातीत घातलं नव्हतं. तो प्रांत बाबांचा. लहानपणी एकदा तिने कौतुकाने पानांवरून बादलीभर पाणी ओतलं आणि सगळ्या वेलांवर बुरशी पडली, तेव्हापासून तिला परसात फक्त बघायची परवानगी होती.

"बी कुठंय?" तिने विचारलं.

"डब्यात. उशीर झाला."

"झाला तर झाला. जे लागतील ते लागतील."

दुसऱ्या दिवशी कामावरून आल्यावर तिने गवत उपटायला घेतलं. भिंतीपलीकडून पोस्टमनकाकांनी डोकं वर काढलं. निवृत्त झाल्यापासून काकांना पत्रं वाटायची नव्हती, म्हणून ते सल्ले वाटायचे. त्यांचं आणि बाबांचं विळ्या-भोपळ्याचं सख्य. कुणाचा भोपळा मोठा यावरून दोघांत दरवर्षी जुंपायची.

"आता बी लावतेस? अगं, साडेतीन महिने लागतात याला. थंडी पडेल तेव्हा तुझे भोपळे लिंबाएवढे असतील."

"असू देत, काका. लिंबं म्हणून खाऊ."

"शाळेत गणितात भोपळा आणलास, तेवढाच तुझा अनुभव."

हे खरंच होतं, त्यामुळे ती हसली आणि गवत उपटत राहिली.

चार आळी केली. बाबा स्टुलावर बसून काठीने दाखवायचे: इथे खोल, तिथे खत, हे रोप ठेव, ते काढ. ती थोडं ऐकायची, थोडं भांडायची. बी आठवड्यात वर आलं. महिनाभरात वेल भिंतीवर चढले आणि पानं ताटाएवढी झाली. मग फुलं आली, आणि तिथे घोडं अडलं.

मादी फुलाखाली सुपारीएवढा पिवळा गोळा असतो. तो धरला तर भोपळा, नाहीतर गळून पडतो. त्यांचे गळत होते. एक, दोन, पाच. हवा गार होत चालली होती आणि मधमाश्या परसात फिरकत नव्हत्या. नर फूल तोडून, त्याच्या पाकळ्या काढून, त्यातला पराग हाताने मादी फुलात लावायला हवा होता. पण फूल उमलायचं उजाडताना आणि मिटायचं दहाच्या आत. थोरली पहाटे चारला बेकरीत जायची ती अकराला सुटायची. तिने मालकांना पाळी बदलून मागितली. मालक म्हणाले, "पाव काय तुझ्या फुलांसाठी थांबणारेत का?" त्यात वावगं काही नव्हतं.

पुढच्या आठवड्यात एक दिवस ती घरी आली तर बाबा खाटेवर नव्हते. वॉकर परसाच्या दारात आडवा पडलेला. तिने पिशवी तिथेच टाकली. धावत मागे गेली तर बाबा वेलांच्या मधोमध मातीत बसलेले, गुडघे चिखलाने माखलेले, टोपी कुठल्या कुठे.

"पडलात का?"

"बसलो," बाबा म्हणाले. मग त्यांनी डावा हात वर केला. बोटं हळदीसारखी पिवळी झाली होती. "तीन झाली."

डॉक्टरांनी सांगितलेला व्यायाम करायला जो माणूस दोन महिने तोंड फिरवून झोपत होता, तो त्या दिवसापासून रोज उजाडताच परसात जायला लागला. डाव्या हाताने फूल लावायचं, उजव्याने पान बाजूला धरायचं. उजवा हात आधी पान धरतच नसे, नुसता त्यावर पडून राही. हळूहळू धरायला लागला. थोरली घरी आली की तिला एकच बातमी मिळायची, "आज एक," नाहीतर "आज काही नाही." एकदा धाकटीचा फोन आला तर बाबांनी तब्येतीचं विचारूच दिलं नाही, आधी फुलांचा आकडा सांगितला.

नऊ भोपळे धरले. त्यांच्यामागून आणखी सात-आठ बारीक गोळे दिसायला लागले, तेव्हा थोरलीला आभाळ ठेंगणं झालं. बाबा म्हणाले, "खुड."

"काय खुड?"

"ते बारके. आणि शेंडे."

"कोवळे आहेत हो ते. इतक्या कष्टानं आलेत."

दोन दिवस ती ऐकेना. तिसऱ्या दिवशी बाबांनी तिला समोर बसवलं आणि आजारपणानंतरचं त्यांचं सगळ्यात लांब वाक्य बोलले. मध्ये चार वेळा थांबले, पण पुरं केलं. "एका मिस्त्रीनं चार घरं धरली, की एकावरही छप्पर चढत नाही."

तिने बारके गोळे खुडले, वेलांचे शेंडे मोडले. हात जड झाला होता. पण आठवड्याभरात उरलेले नऊ अंगाने भरायला लागले, जसा काही त्यांनाच निरोप पोचला होता. तिने प्रत्येकाखाली एकेक कौल सरकवलं, ओल्या मातीने बूड सडू नये म्हणून. वरची पानं थोडी विरळ केली, ऊन लागावं म्हणून. दिवस आखूड झाले तशी ती संध्याकाळी बेकरीतली रिकामी पोती वेलांवर पांघरायची आणि सकाळी बाबा ती काठीने ओढून काढायचे.

मग बातम्यांत सांगितलं की परवा पहाटे दव गोठणार.

थोरलीने नख लावून पाहिलं. पक्क्या भोपळ्याच्या सालीत नख शिरत नाही. पाचांत शिरलं नाही, चारांत शिरलं. अंगावर सगळ्यांच्याच हिरवे पट्टे होते, तांबडेपणाचा पत्ता नव्हता.

"कोंबड्यांना घाल," पोस्टमनकाका भिंतीवरून म्हणाले. या वेळी त्यांच्या आवाजात चेष्टा नव्हती, कीव होती, आणि तिला तीच जास्त लागली.

"देठ ठेव," बाबा म्हणाले. "वीतभर. देठाला धरू नको."

तिने चाकूने एकेक भोपळा कापला आणि तान्ह्या मुलासारखा दोन्ही हातांनी उचलला. आता हवी होती कोरडी, ऊबदार जागा. घरात ओल होती. एकच खोली गरम असायची आणि तिथे बाबांची खाट, औषधं, धाकटी आली की तिचं अंथरूण. थोरलीच्या डोळ्यांसमोर बेकरीतल्या भट्टीवरचा पोटमाळा आला. तिथे मैद्याची पोती असायची, कारण मैद्याला दमट हवा चालत नाही.

"बेकरी आहे ही," मालक म्हणाले. "भाजीमंडई नाही."

"तेरा वर्षांत मी कधी काही मागितलं?"

"मागच्या महिन्यात पाळी मागितलीस."

"ती तुम्ही दिली नाहीत. म्हणजे एक मागणं बाकी आहे."

मालकांनी डोकं खाजवलं. "कोपऱ्यात ठेव. वास मारला की बाहेर."

नऊ भोपळे हातगाडीवरून आले, एकेक करून शिडीने वर गेले. थोरलीने त्यांना फळ्यांवर मांडलं, एकमेकांना न टेकता. रोज पाळी संपली की ती वर चढायची, प्रत्येकाला थोडं फिरवायची, देठाजवळ नाक नेऊन वास घ्यायची. दहाव्या दिवशी एकाचं देठ मऊ लागलं. तो तिने मालकांच्या नजरेत यायच्या आत बाहेर नेला. तिसऱ्या आठवड्यात हिरवे पट्टे फिके झाले आणि तिला राहवलं नाही. एक घरी आणून कापला. आत गर फिकट, पाणचट, चवीला पुठ्ठा. ती खुर्चीत मटकन बसली.

बाबांनी तुकडा चाखला, खाली ठेवला. "घाई," म्हणाले. मग तिच्या चेहऱ्याकडे बघून, "मीही केली. पहिल्या वर्षी."

चाळीस वर्षांत हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं.

उरले सात. चौथ्या आठवड्यात तिला ताप आला. तीन दिवस ती कामावर गेली नाही. परत आल्यावर शिडी चढून बघते तो भोपळे फिरवलेले. खाली मालक हिशेबाच्या वहीत मान घालून बसले होते. "रंग एका बाजूनं येत होता," एवढंच म्हणाले, मान वर न करता.

सहाव्या आठवड्यात माळ्यावर अंधारातही दिसेल असा तांबूस उजेड होता. थोरली घरी जाऊन बाबांना म्हणाली, "चला." रिक्षा आणते म्हणाली तर बाबांनी मान हलवली. दोन गल्ल्या ते वॉकरवर चालत आले. पाऊण तास लागला.

भट्टी विझवलेली, पाव गेलेले. सात भोपळे मळायच्या फळीवर ओळीने ठेवले होते. बाबांनी उजवा हात उचलला, तोच, आणि बोटाच्या पेराने पहिल्यावर टकटक केली. कान जवळ नेला. आयुष्यभर त्यांनी विटा अशाच पारखल्या होत्या. कच्ची वीट बद्द वाजते, पक्की खणखणते. एकेक करत ते सातव्यापर्यंत गेले.

"पक्के," ते म्हणाले. "सगळे."

थोरलीने मोठा सुरा घेतला. साल इतकी कडक की मालकांना दुसऱ्या बाजूने धरावं लागलं. भोपळा दुभंगला आणि आतला गर गडद केशरी निघाला, घट्ट, कोरडा, बिया टपोऱ्या. तिने फोडी केल्या, मीठ लावलं आणि भट्टीच्या उरलेल्या धगीत ठेवल्या. कडा करपल्या, रस सुटून काळसर झाला. मालकांनी एक खाल्ली, दुसरी खाल्ली, तिसरी घेताना म्हणाले, "साखर लावलीस का?"

"मीठ," थोरली म्हणाली. "नुसतं मीठ."

तिला खोटी नम्रता सुचली नाही. उलट तिने रस्त्यापर्यंत ऐकू जाईल असं सांगितलं की दीड महिना उशिरा लावून हे आले आहेत, फुलं बाबांनी धरवली आणि पिकवले तिने.

घरी जाताना तिने सगळ्यात मोठा भोपळा कडेवर घेतला आणि जवळची वाट सोडून मोठ्या रस्त्याने निघाली. बाबा शेजारी वॉकर टेकत. न्हाव्याने विचारलं, चांभाराने विचारलं, शाळेतून मुलाला आणणाऱ्या बाईने विचारलं. प्रत्येकासाठी ती थांबली. प्रत्येकाला तिने भोपळा हातात दिला, वजन बघा म्हणाली.

पोस्टमनकाका फाटकातच उभे होते. त्यांनी तो दोन्ही हातांनी घेतला, फिरवून पाहिला, नख लावलं. नख शिरलं नाही.

"माझे यंदा याच्यापेक्षा लहान आहेत," ते शेवटी म्हणाले. मग बाबांकडे वळले. "तुझा हात आहे यात, गवंड्या. मला ठाऊक आहे."

बाबांनी वॉकर नीट टेकला, श्वास घेतला आणि शब्द मोजून न वापरता म्हणाले, "माझा हात फक्त फुलांना लागला. भोपळे माझ्या पोरीचे आहेत."